यादीतलं तिसरं नाव

झेरॉक्सच्या शाईचा वास आला की आमचं गुडीहत्नूर आंध्रात होतं तेव्हा तिथल्या माझ्या जुन्या शाळेत झालेला माझा सत्कार आठवतो आणि अजूनही कान तापतात. मी परदेशी प्रयोगशाळेत अणूतल्या कणांवर संशोधन करत होतो, म्हणजे खरं तर एका अवाढव्य यंत्राच्या वायरी तपासत होतो. आमच्या शोधनिबंधावर शेकडो नावं होती, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेली. माझं आडनाव ‘ए’वरून, म्हणून मी तिसरा. तो निबंध मीच मिरवायला विज्ञानाच्या सरांना पाठवला होता. सरांना ती यादी दहावीच्या निकालासारखी वाटली. नावांच्या पानाच्या झेरॉक्स काढून, माझ्या नावाखाली लाल रेघ मारून त्यांनी शाळेपुढच्या चिंचेखाली सत्काराला बसलेल्या लोकांना त्या वाटल्या आणि म्हणाले, “पाहा, साऱ्या दुनियेत आपला पोट्टा तिसरा आला!” टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. नंतर सरांनी हळूच विचारलं, “पुढच्या बारीले पयला येशील ना रे?” मी म्हणालो, “हो सर, अभ्यास करून राह्यलो.” पुढे कितीतरी निबंध निघाले, माझं नाव दर वेळी वरच होतं, सरांना मात्र मी एकही पाठवला नाही.