मेजरसाहेब आणि माझा मोडी कागद

बातमी मला इंदरगंजात, छापखान्याच्या दारात कळली. टाईप जुळवता जुळवता कंपोझिटर थांबला. "भैया, तुम्हारे मामा गए. मेजर साहब." एवढं बोलून त्याने दाराबाहेर नजर टाकली. मेलेल्या माणसाचं नाव घेतानाही कुणी ऐकतंय का, हे आमच्याकडे लोक बघून घेतात... मामांचा धाक तसाच होता.

मला रडू आलं नाही. आधी आठवला तो कागद. चारच दिवसांपूर्वी मी एक अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यावर त्यांची सही झाली असती तर माझा मित्र रामसेवक तुरुंगातून सुटला असता. मामा लोडाला टेकून बसले होते, पाय सुजलेले. त्यांनी चष्मा मागितला, अर्ज दोनदा वाचला आणि 'अन्याय' या शब्दाखाली नखाने रेघ ओढली. "हा काढ. अर्जात राग ओतू नये," म्हणाले आणि कागद उशीखाली सरकवला. "बघतो."

मामा दरबारच्या फौजेच्या खबर-खात्याचे प्रमुख होते. आधीच्या मोठ्या लढाईत रियासतीच्या पलटणीबरोबर ते समुद्रापार गेले आणि तिथे शिपायांची पत्रं तपासायला बसले. शिपाई घरी काय लिहितो त्यावरून उद्या पलटण लढेल की नाही, हे ओळखायला ते तिथेच शिकले. परतल्यावर या एका विद्येवर ते वर वर चढत गेले. त्यांनी कुणावर हात उगारल्याचं मी ऐकलं नाही. ते नुसते वाचायचे, आणि त्यांनी वाचलेली माणसं काही दिवसांनी दिसेनाशी व्हायची. सरदारसुद्धा त्यांना पाहून आधी नमस्कार करत.

मोडी मला त्यांनीच शिकवली. दक्खनेतून इथे आलेल्या आमच्या घरांत मुलं भांडतात ती हिंदीत. घरचं वळण टिकावं म्हणून रविवारी सकाळी मामा मला बोरू देऊन बसवायचे आणि पाठीमागे उभे राहायचे. "हात उचलू नकोस रे. हात उचलला की ओळ तुटली." माझा हात ओळीच्या मध्यावर हमखास उचलला जायचा. माझी आई त्यांची धाकटी बहीण. ती गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढलो, त्यांच्याच पंगतीला जेवलो आणि त्यांच्याच दरबाराविरुद्ध पत्रकं लिहिली.

चळवळ पेटली तेव्हा एकाच घरातला एक भाऊ सभेत आणि दुसरा बंदूक घेऊन त्याच्यासमोर, अशी गत झाली. मामा तिला यादवी म्हणायचे. मी मुरारच्या छावणीतल्या शिपायांसाठी पत्रक लिहिलं : आपल्या भावांवर गोळी झाडू नका. कच्चा मसुदा मोडीत केला. झडती घेणारे शिपाई हिंदी वाचतात, उर्दू वाचतात, मोडी कुठून वाचणार, असा आमचा हिशेब. सापडलेला कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जातो, हे त्या घरात राहून माझ्या डोक्यात आलं नाही! मसुदा मी थाटीपुरच्या रामसेवकाकडे ठेवला. मी वाचून दाखवायचो, तो हिंदीत उतरवायचा. त्याला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं.

एके दिवशी मामा म्हणाले, "मामीला उज्जैनला महाकालाचं दर्शन घडवून आण. चार दिवस लागले तरी चालतील." मी गेलो. परतलो तेव्हा मसुदा रामसेवकाच्या घरच्या झडतीत सापडला होता, फौज फितवल्याच्या आरोपाखाली तो आत होता, आणि मामांनी लेखी मत दिलं होतं की मसुद्यातलं अक्षर आरोपीचंच आहे.

"मामा, त्याला मोडी येत नाही!"

"ठाऊक आहे."

"अक्षर माझं आहे."

"तेही ठाऊक आहे. अजून हात उचलतोस तू." जेवणाच्या पानावरून त्यांनी नजर वर केली नाही. "तुझ्या आईला मी शब्द दिलाय."

"आणि त्याच्या आईचं काय?"

त्यांनी शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बस. वरण निवतंय."

अक्षर माझं आहे हे सांगायला मी कोतवालीत गेलो. कारकून हसला. "भानजे साहब, घर जाइए. मेजर साहब ने लिख दिया, तो लिख दिया." मी परत आलो. दुसऱ्यांदा गेलो नाही. त्यानंतर पुष्कळ पत्रकं लिहिली, सगळी फार जळजळीत.

मामांच्या उशीखालच्या त्या अर्जाचं मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "स्मशानातून माणसं परतायच्या आत खात्याचे लोक येऊन गेले रे. उशीचा अभ्रासुद्धा उलटा करून पाहिला." सही त्यांनी केली होती का? कधीकधी वाटतं, केली असेल. मग वाटतं, नसेलच केली... आणि यातलं कुठलं जास्त बोचतं, ते मला ठरवता येत नाही.

परवा रामसेवकाची अम्मा पत्र घेऊन आली. तिला वाचता येत नाही, म्हणून त्याची पत्रं मीच वाचून दाखवतो. कोपऱ्यात पत्र तपासल्याची खात्याची छोटी लाल खूण होती. ती मामांनी घालून दिलेली. आता दुसरा कुणी बसून तशीच करतो. मला तो मास्टर म्हणतो. शेवटी त्याने लिहिलं होतं : "मास्टर से कहना, मुझे मोड़ी सिखा दे. पढ़ तो लूँ, मैंने लिखा क्या था." अम्मा हसली. "सिखा दे बेटा, दिन कट जाएँगे उसके."

काल सकाळी मी बोरू घेऊन बसलो. मुळाक्षरं लिहिली, आणि खाली सरावासाठी त्या पत्रकाची पहिली ओळ, अगदी तशीच, मध्यावर हात उचलून. तिच्याखाली माझं नाव आणि पत्ता. हा लेख रियासतीबाहेर छापायला धाडतो आहे. पण त्या मुळाक्षरांचं पाकीट तुरुंगाच्याच पत्त्यावर टाकलं. ते त्या खात्यात उघडलं जाईल. मामांनी तयार केलेली माणसं आहेत, वाचतील नीट.