माझ्या आईच्या माथी मारलेलं ग्रहण

माझ्या आईने त्या ग्रहणात भाजी चिरली नव्हती.

आज सकाळी ती गेली. घरात माणसं जमलीत, आणि एका चुलत आत्यांनी आजही तोच विषय काढला. म्हणून आतल्या खोलीत येऊन हे लिहितेय. सगळ्यांनी वाचा.

सत्तरचं दशक. उंब्रजजवळचं आमचं गाव.
माझा थोरला भाऊ सुनील जन्मला तो लहान डोक्याचा. दोन्ही डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू.

आजीने जागेवर निकाल दिला. "गिराण पाळलं न्हाईस तू. विळीवर बसली आसशील."

वडील फौजेतून सुट्टीवर आले होते. ते गप्प राहिले.
आजीच्या बोलण्यापेक्षा आईला ते जास्त लागलं.

तिने बाळ उचललं, एसटी पकडली आणि एकटी सांगलीला गेली.
तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी ग्रहणाचं नाव काढलं नाही. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ आलं होतं का, एवढंच विचारलं.

आलं होतं.

त्याआधी घरात दिराच्या पोराला गोवर आला होता. आमच्याकडे गोवर म्हणजे देवी घरी आलेली. फोडणी बंद, औषध बंद, आणि कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालायला घरची सून. दुसरा महिना लागलेली.
पंधरा-वीस दिवसांनी आईच्या अंगावर तसंच पुरळ. तीन दिवसांत गेलं. सगळ्यांनी देवीला हात जोडले.

डॉक्टर म्हणाले, घरचे गोवर समजले तो रुबेला होता. पोटातल्या बाळापर्यंत पोचला. यावर आता इलाज नाही, पण दोष तुमचा नाही.

आईने घरी येऊन सगळं सांगितलं. वडील म्हणाले, डॉक्टर काय, कायबी सांगत्यात.

सुनीलदादा सहा वर्षं जगला. ऐकू यायचं नाही, दिसायचं अंधूक. आईने त्याला लपवलं नाही. औंधच्या यात्रेत खांद्यावर घेऊन फिरली. बायका वळून बघायच्या, ही आणखी ताठ चालायची.

माझ्या वेळी ती पोटुशी असताना ग्रहण लागलं. आजी तिला खोलीत बसवायला निघाली.
आईने अंगणात विळी मांडली आणि सगळ्या आळीसमोर घेवडा चिरला.
मी धडधाकट जन्मले. लय भांडखोरही.

आज मी सांगलीत नवजात बाळांची डॉक्टर आहे. टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करते. पांढरे ठिपके किंवा वेगळं काही दिसलं, की आईकडून बाळाला इन्फेक्शन लागलं होतं का, याच्या टेस्ट पाठवतेच.

मागच्या महिन्यात एका बाळाला असे ठिपके दिसले. टेस्टमध्ये इन्फेक्शन निघालं. बाहेर सासूबाई सुनेचं ग्रहण काढत होत्या. मी चिडून आईला फोन केला. म्हटलं, या बाईंना चांगलं सुनावते.

आई अंथरुणावरून म्हणाली, "सासूला सांगून काय करतीस? पोरीला सांग. आन् नवऱ्याला तिच्या शेजारी बसवून सांग."

बसवलं. सांगितलं.

त्या पोराने रिपोर्ट वाचून खाली ठेवला. मग बायकोला म्हणाला, "तुझं काय चुकलं न्हाई."

माझ्या आईला हे वाक्य घरातल्या कुणीही कधी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटायचं, तिला माहीतच आहे.

आई, तुझं काय चुकलं न्हाई.
जा आता निवांत.