डोंगराची मागची बाजू

शाळेत तीस वर्षं मी भूगोल शिकवला. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सौम्य, हे फळ्यावर इतक्या वेळा काढलं की झोपेतही काढता येईल. पण त्या चढावर माणसाने उभं कुठे राहायचं, हे मला माझ्या मुलाने शिकवलं. आणि मी काय केलं, तर चारचौघांत त्याची टर उडवली.

तो पायदळात आहे. गेल्या वर्षी दिवाळीला सुट्टीवर आला होता. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत जिन्याशेजारी मुलांनी किल्ला केला होता. विटा, गोणपाट, वर लाल माती, उतारावर पेरलेली मोहरी. मावळे अर्थातच सगळे माथ्यावर, छाती काढून. हा पठ्ठ्या तिथे उकिडवा बसला आणि एकेक मावळा उचलून डोंगराच्या मागच्या उतारावर ठेवायला लागला.

"अगं आई, माथ्यावर माणूस उभा राहिला ना, की खालून आकाशावर क्लिअर दिसतो. पहिला गोळा तिथेच. मागच्या अंगाला खंदक खणायचा, तोही सरळ नाही, नागमोडी. म्हणजे एका टोकाला गोळा पडला तरी दुसऱ्या टोकाचे वाचतात. आणि पुढे दगड नाही रचायचे, मातीच्या गोण्या. दगड फुटून आपल्यालाच लागतो."

मी फराळाचं ताट घेऊन उभी होते. म्हटलं, "वा रे शूरवीर! मावळे काय शेपूट घालून मागे लपायचे?"

मुलं खो खो हसली. तोही हसला. मग त्याने सगळे मावळे परत माथ्यावर नेऊन ठेवले.

या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याच्या भागात गोळीबार सुरू झाल्याची बातमी आली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. शेवटचं बोलणं झालं तेव्हा म्हणाला होता, जमीन इतकी गोठलीय की कुदळ उसळून परत येते, खंदक जेमतेम गुडघ्याएवढा झालाय. गुडघ्याएवढा! माझा मुलगा सहा फुटांचा आहे. त्यापुढे माझं डोकं चालायचंच बंद झालं.

नेमकं ठिकाण त्याने कधीच सांगितलं नव्हतं, तरी मी फोनवरच्या नकाशात तो डोंगर शोधत बसायचे. या ओढ्याच्या आडोशाने कोणीही न दिसता वर येईल. डोंगराची ही सोंड अगदी उघडी आहे. या खिंडीत दोन्हीकडून मारा होईल. आयुष्यभर ज्या विद्येचा तोरा मिरवला, तीच आता मला खायला उठली होती. हे, म्हणजे त्याचे बाबा, दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. एकदा मी यांना विचारलं, "माझ्या बोलण्यामुळे तो पुढे गेला नसेल ना हो?" हे चिडून म्हणाले, "तुझ्या टोमण्यांवर लष्कर चालत नाही." ते खरंच होतं. पण त्याने मावळे परत ठेवताना मान खाली घातली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी सोसायटीतली मुलं मावळे मागायला आली. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात माझ्या मुलाच्या लहानपणचे मावळे आहेत, दरवर्षी तेच वापरतात. मी डबा घेऊन खाली गेले. मुलांनी भराभर सगळे माथ्यावर मांडले.

"काढा! सगळे काढा तिथून!" मी केवढ्यांदा ओरडले. हातानेच मावळे खाली पाडले. एकाचा भाला मोडला. मुलं घाबरून मागे सरली. मी जमिनीवर फतकल मारून बसले, मागच्या उतारावर नखांनी नागमोडी चर खणला, आणि एकेकाला त्यात उभं केलं. रडत होते की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या मजल्यावरची चिमुरडी तेवढी जवळ आली. "आजी, सगळे मागे लपले तर पुढून कोण येतंय ते कळणार कसं?"

बरोबर होतं तिचं. वर एक जण लागतोच. बघायला, मागच्यांना सांगायला. भाला मोडलेला तो मावळा मी उचलला आणि माथ्यावर ठेवला. ठेवताना मनात अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाले, देवा, हा दुसऱ्या कोणाचा तरी असू दे.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी पोहे भिजवत होते.

"आई, मी बोलतोय."

हे टीव्ही सोडून धावत आले. मी विचारलं, "कुठे होतास रे?"

"मागेच होतो. मागच्या अंगाला. वर माझा जोडीदार होता. तो गेला, आई."

जोडीदार म्हणजे त्याच्याबरोबर एका ताटात जेवणारा मुलगा. मी पाठवलेले बेसनाचे लाडू त्याला फार आवडायचे, दर फोनला त्याचा निरोप असायचा.

"त्याच्या आईचे सारखे फोन येतायत," तो म्हणाला. "तो नेमका कुठे उभा होता, विचारतायत. काय सांगू गं त्यांना?"

जन्मभर मुलांना उत्तरं सांगत आलेली बाई मी. आणि खरं तेच लिहिते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात एकच चालू होतं: बरं झालं बाळा, तू मागे होतास.