हौशी म्हणायचे त्याला

बारामतीतल्या माझ्या दुकानासमोर पणदऱ्याच्या दूधवाल्यानं सायकल उभी केली आणि म्हणाला, "पेंटर, तुमचा म्हादबा गेला." हातातला ब्रश तसाच राहिला... त्याला आता महिना झाला. जत्रेचा बोर्ड रंगवायला घेतला की अजून तोच आठवतो.

म्हादबाच्या घरची मेंढरं गेली, शेती आली, पण घोड्याचं वेड काही गेलं नाही. शर्यतीचा घोडा पाळायची ऐपत नव्हती, म्हणून नव्वद सालच्या आसपास तो जत्रांमधून दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसायचा. बाकीचे स्वार मालकाकडून पैसे घेत, हा सुपारीचं खांडही घेत नसे. लोक हसायचे, "हौशी हाय, बसू द्या!" हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं तर किंमतच नव्हती.

एकदा इंदापूरकडच्या जत्रेत त्याचा घोडा पुढं होता. घोडा लंगडतोय असं वाटलं आणि यानं लगाम खेचला. शर्यत गेली. मालक भर मैदानात ओरडला, "माझं पैसं घेत न्हाईस, मंग कुणाचं घेतलंस?" झालं! फुकट बसतो म्हणजे समोरच्याला फितूर, असा बोभाटा झाला. पुढं त्याला कुणी घोडाच देईना. दर जत्रेत कडेला एकटा उभा राहायचा. मला बघवत नसे.

शेवटी एका वर्षी त्यानं पैसे घेतले. काय करील बिचारा? पैसे घेतो म्हटल्यावर त्याच मालकानं घोडा दिला, आणि हा जिंकला. गुलाल उडाला. लोक म्हणाले, "आता झाला खरा स्वार!" मी मिठी मारायला गेलो, तर म्हणतो कसा, "पळवला खरा पेंटर, पण आज मजा न्हाय आली गड्या." त्यानंतर तो घोड्यावर बसला नाही. जत्रेला चल म्हटलं की "येतो" म्हणायचा, येत मात्र नसे.

दहाव्यानंतर गावकऱ्यांनी त्याचा फोटो माझ्याकडं पाठवला. खालच्या पट्टीवर 'नामांकित स्वार' लिहायला सांगितलं. लिहून म्हादबाच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या बायकोला, वहिनींना, वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं.

"भावजी, नामांकित पुसा. पैसं घेऊन जिंकला त्या दिसापास्नं ह्यो माणूस घरात हसला न्हाय. हौशी लिवा."

रंग पुरता वाळला नव्हता. ओट्यावर बसून रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि 'हौशी' लिहिलं. डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं, अक्षरं वाकडी आली. वहिनी म्हणाल्या, राहू द्या तशीच.