हॉटेलातली हिरवी भिंत

भाच्याच्या साखरपुड्याला आम्ही शहरातल्या एका बड्या हॉटेलात गेलो होतो. दारात ‘आम्ही निसर्ग जपतो’ अशी पाटी होती आणि आत छतापर्यंत पानांनी भरलेली भिंत. वहिनींनी हळूच एक पान चुरगाळून हुंगलं.

“खरं आहे हो, भावजी!”

तेवढ्यात पानांत बुलबुल बोलला. वहिनी मान उंचावून त्याला शोधू लागल्या. जवळचा वेटर हसला.

“मॅडम, तो स्पीकर आहे. काचा कायम बंद असतात, इथे पक्षी कुठून येणार?”

वहिनी ओशाळल्या. मला मात्र त्या खऱ्या पानांचाच जास्त संशय येऊ लागला. खोट्यावर विश्वास बसावा म्हणूनच तर ती लावली नसतील?

संध्याकाळी बाहेर पडलो. रस्त्याकडेच्या झाडावर पाखरं नुसती कलकलत होती. वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही.