उलटा सेल

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट कळत नाही.

गोंदियाच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचे. कुडव्याला खोली घेऊन एकटीच राहायचे. दोन हजार दहाच्या आसपास शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आला, छताला उंच टांगलेला, आणि हेडमास्तरांनी रिमोट माझ्या ताब्यात दिला.

तो मी जिवापाड जपला. मऊ फडक्यानं पुसायचे, पिशवीत गुंडाळून ठेवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेल काढून घ्यायचे — नाहीतर ते आतच पाझरतात. बंद करताना बटण दोनदा दाबायचं, प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. हे मला येत होतं, म्हणून — हसू नका — लोक माझ्याकडे यायला लागले. "मॅडम, चला ना जरा, चालूच होऊन नाही राहिला." कधी कधी दिवसभरात माझ्याशी कोणी एवढंच बोललेलं असायचं.

मग सगळे शिकले. रिमोट न्यायचे, आणून टेबलावर ठेवायचे, जायचे.

तेव्हा मी काय केलं? एक सेल उलटा घालून रिमोट द्यायला लागले. दर वेळी नाही — अधूनमधून. बोलावणं आलं की जायचं, पुसल्यासारखं करून सेल सरळ करायचा. "मॅडमच्या हातात जादू आहे," कोणीतरी म्हणायचं. तेवढ्यावर माझी संध्याकाळ निघायची.

वैशाली तेव्हाच आली. सडक अर्जुनीकडची, तात्पुरत्या नेमणुकीवर. मधल्या सुट्टीत फक्त तीच माझ्याजवळ बसून डबा उघडायची. तिला कायम करायचं का, हे ठरवायला संस्थेचे लोक तिचा पाठ पाहायला येणार होते. किती दिवस ती चित्रं जमवत होती — नागझिऱ्याची झाडं, पक्षी. त्या सकाळी रिमोट न्यायला आली. मी — मी दिला. एक सेल उलटा करून.

काय वाटलं होतं मला? ती बोलावील, मी जाईन, सगळ्यांसमोर तिला वाचवीन. तिच्या पाठाला माझाही हात लागेल.

तिनं बोलावलंच नाही. त्या लोकांसमोर मदत मागायला भ्यायली असावी. मी स्टाफरूममध्ये वाट पाहत बसले. बऱ्याच वेळानं हेडमास्तरांनी शिपाई पाठवला. मी पोचले तेव्हा ती घामाघूम होऊन बटणं दाबत होती, मुलं हसत होती. मी सेल फिरवला. पडदा उजळला. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "देखो, इनके हाथ से तो चल गया." आणि उठलेच.

नंतर तिनं विचारलं, "मॅडम, माह्या हातानं काऊन नाही चालला जी?"

तेव्हा सांगता आलं असतं ना? सेक्रेटरी अजून गेटपाशीच उभे होते. मी म्हटलं, "होते असं. सवय पाहिजे."

तिला ठेवलं नाही. मी पुन्हा एकटीच डबा खायला लागले. सेल मग कधी उलटा घातला नाही — आणि बोलावणंही कधी आलं नाही.

काही वर्षांनी ती गोंदिया स्टेशनवर भेटली. तिचं शिकवणं सुटलं होतं. आमगावला नणंदेच्या दुकानात बसते म्हणाली. सोबत लहान मुलगी होती. तिला म्हणाली, "पाया पड. या मॅडमनंच मले तिथं सांभाळून घेतलं होतं."

मुलगी वाकली. मी तिला पाया पडू दिलं.