बाईंचा अमेरिकेचा धडा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याला तहसीलमध्ये होते. महिना झाला, पण अजून कोणी 'बाई' म्हटलं की मला त्याच दिसतात... कमलबाई, आमच्या गावच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षिका. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता गावची सरपंच.

नववीत त्यांनी अमेरिकेचा धडा पुस्तक मिटून शिकवला. पहिल्या बाकावरच्या चौघी म्हणजे इंग्लंडची पार्लमेंट, मागचे आम्ही सगळे वसाहतवाले. पार्लमेंटनं फर्मान काढलं, रोज डब्यातली अर्धी भाकर कर म्हणून पुढे पाठवा. पहिल्या दिवशी हसत दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेचाही मागितला. तिसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. डबा आपटून ओरडले, "मले कोनं इचारलं? देत नाही, जा!" आणि मागचे सगळे बाक माझ्यासोबत व्हरांड्यात जाऊन बसले. वाटलं, आता छडी बसणार. पण बाईंना कोण आनंद! म्हणाल्या, "अस्संच झालतं तिकडं. राजा सातासमुद्रापार, पार्लमेंटात वसाहतवाल्यायचा एक मानूस नाही, आन् कर मात्र तेयनंच द्याचा! चहा महाग होता म्हनून नाही फेकला समुद्रात, न इचारता कर लावला म्हनून फेकला. मंग लढाई झाली, आन् नवा देश उभा राह्यला."

सरपंच झाल्यावर हे सगळं मी साफ विसरले. नळाची मोटर जळली, पाणीपट्टी वाढवणं भाग होतं. ग्रामसभेला कोरम भरला नाही. मग केलं तेच, जे सगळे करतात... शिपायाच्या हाती रजिस्टर देऊन घरोघर सह्या आणवल्या, झाला ठराव सर्वानुमते मंजूर! रजिस्टर परत आलं तर बाईंच्या नावापुढे सही नाही. लिहिलेलं, 'गैरहजर'.

तणतणत त्यांच्या घरी गेले. "बाई, तुमीच आडव्या आल्या तं गावात माही काय इज्जत राहीन?"

बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सभा झाली कुठं, सरपंच? मी तं घरीच होतो. वाढीव पट्टी देत नाही मी. नळ तोडाचा तं तोड."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. फार लागलं ते. रस्त्यानं रडत आले.

चार दिवस धुसफुसले. मग मुकाट ठराव रद्द केला, दवंडी दिली आणि बायांना जमेल अशा वेळी सभा घेतली. मोटरचं बिल वाचून दाखवलं. लोकांनी सुनावलं, भरपूर सुनावलं, आणि मी ऐकून घेतलं. निराधार बायांना जुनीच पट्टी ठेवून बाकीच्यांची वाढ हात वर करून मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप निघायच्या आधी बाई काठी टेकत पायरीवर हजर! पहिली पावती त्यांचीच फाटली.

परवा त्यांच्या सुनेनं मला आतल्या खोलीत नेलं. पलंगासमोरच्या भिंतीवर एकच फ्रेम. आत ती पावती, खाली माझी सही, आणि त्याखाली बाईंचं फळ्यावरचं ठसठशीत अक्षर: 'माझ्या पोरीनं विचारून घेतलेला कर.'

सून म्हणाली, "फ्रेम जुनीच हाये, ताई. आदर्श शिक्षकाचा कागद होता त्याच्यात. आत्याबाईनं सोताच्या हातानं काढला."